भंडाऱ्यात आणि पावसात टिकेल असा पहिला कॅमेरा

बेळगाव जिल्ह्यातल्या चिंचलीच्या मायाक्कादेवीच्या यात्रेत भंडारा उधळायला सुरुवात झाली की पाच मिनिटांत सगळं पिवळं होतं. माणसं, बैलगाड्या, देवळाच्या पायऱ्या आणि हातातला कॅमेराही. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझ्याकडे एक साधा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्याच्यासोबत आलेली किट झूम होती. दिवसभर फोटो काढले, संध्याकाळी रायबाग स्टेशनवर गाडीची वाट बघत फडक्याने सगळं स्वच्छ पुसलं. घरी येऊन लेन्स खिडकीसमोर धरली तर आतल्या काचेवर पिवळे ठिपके. झूम पुढे-मागे करताना लेन्स हवा ओढते आणि त्या हवेबरोबर भंडाराही आत गेला होता. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ निघाला, म्हणून ती तशीच ठेवली. आजही तिने उजेडाच्या दिशेने फोटो काढला की सगळा पांढुरका येतो.

त्यानंतर कॅमेरा कसा निवडायचा याचा माझा क्रमच बदलला. आपल्या भागातली जी मुलं-मुली आता पहिला चांगला कॅमेरा घेऊ बघतायत, कुस्ती-शर्यतींचे फोटो काढायचेत, घाटात फिरायचंय, त्यांच्यासाठी तो क्रम इथे मांडतो.

सुरुवात आपल्या वर्षापासून

दुकानात जायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे तुम्ही खरोखर कुठे जाता तेवढंच लिहायचं. लडाख, स्पिती नको. माझा कागद असा होता: थंडीत आणि सुगीनंतर आखाडे व बैलगाडी शर्यती. माघात चिंचली. वैशाखात बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक, आणि ती रात्रभर चालते तेव्हा वळीव कधीही येऊ शकतो. जून लागला की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला. श्रावणात गोकाकचा धबधबा. मग गणपती. दिवाळीनंतर राजहंसगड आणि आसपासचे किल्ले.

कागद पुरा झाल्यावर मला एक गोष्ट दिसली जी आधी कधी जाणवली नव्हती. पावसाचे महिने चार, धुळीचे सात-आठ. आपण ‘वेदर सील्ड’ म्हटलं की डोळ्यांसमोर पाऊस येतो, पण आपल्याकडे कॅमेऱ्याचा मोठा शत्रू धूळ आहे. खानापूर बाजूची तांबडी माती, अथणी-गोकाककडची काळी, आखाड्यातली हळद-ताक-तेल घालून मऊ केलेली माती, शर्यतीच्या धावपट्टीवरचा फुफाटा. एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पावसाने भिंती हिरव्या होतात आणि अथणीकडे ढगांची वाट बघत बसावं लागतं. इथे टिकणारा कॅमेरा दोन्ही बाजूंनी बंद असावा लागतो.

सील म्हणजे नेमकं काय

कॅमेऱ्याची बॉडी एका तुकड्याची नसते. वरचं झाकण, मागचा पत्रा, बॅटरीचं दार, कार्डचं दार, प्रत्येक डायल आणि बटण हे सगळे जोड आहेत. सील्ड कॅमेऱ्यात या जोडांमध्ये रबराच्या किंवा फोमच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. पाणी थेंबाथेंबाने आलं तर त्या ते अडवतात, धूळही बऱ्यापैकी अडवतात. जोराने आलेल्या किंवा दाबाखालच्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

बहुतेक कंपन्या ‘वेदर रेझिस्टंट’, ‘डस्ट अँड मॉइश्चर रेझिस्टंट’ असं मोघम लिहितात. त्याला ठराविक परीक्षा नाही, प्रत्येकीचं माप आपापलं. ओएम सिस्टीम (म्हणजे पूर्वीची ऑलिंपस) मात्र ओएम-१, ओएम-५, ओएम-३ या मॉडेलांना आयपी५३ असा ठरलेला दर्जा देते. त्यातला ५ धुळीसाठी: थोडी धूळ शिरली तरी काम बिघडेल इतकी शिरत नाही. ३ पाण्यासाठी: सरळ वरून ते ६० अंशांपर्यंत तिरक्या येणाऱ्या फवाऱ्यापासून बचाव. आपला खानापूरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो तेव्हा तो या ६० अंशांच्याही पलीकडचा असतो, हे लक्षात असू द्या. कॅमेरा नळाखाली धुणं, ओढ्यात बुडवणं यातलं काहीच यात बसत नाही. पाण्यात नेता येणारा, लेन्स बदलता येणारा मिररलेस निकॉनने २०१३ मध्ये काढला होता, १ एडब्ल्यू१ नावाचा, १५ मीटर खोलीपर्यंत चालणारा. तो प्रकार वेगळा, आणि ती मालिका आता बंद आहे.

आणखी एक गोष्ट बिल करण्याआधी कळलेली बरी. कॅमेरा सील्ड असला तरी पाणी जाऊन झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत. सील तुम्हाला अचानक आलेल्या सरीतून दहा-पंधरा मिनिटं सांभाळून नेतं. कॅमेरा रोज पावसात ठेवायचा परवाना त्यातून मिळत नाही.

आधी लेन्स, मग बॉडी

मागच्या उन्हाळ्यात भाचा शहापूरच्या घरी आला, मोबाइलवर एका बॉडीची ऑफर उघडूनच.

“मामा, बॉडी फिक्स केली. सगळी सील्ड आहे. आठ-दहा दिवसांत घेतोय.”

“आणि लेन्स?”

“ती सोबत येतेच की. किटमध्ये.”

मी कपाटातून माझ्या दोन लेन्स काढल्या आणि उलट्या करून त्याच्या हातात दिल्या. कॅमेऱ्याला अडकते ती धातूची कडी वर. एकीच्या कडीभोवती काळ्या रबराची बारीक किनार होती, नखाने दाबली तर किंचित दबायची आणि परत यायची. दुसरीला नुसती धातूची कडा, गुळगुळीत. त्याने दोन्हींवरून नख फिरवलं आणि म्हणाला, “एवढ्याशा रबरावर आहे होय सगळं?”

सगळं नाही, पण बरंचसं. बॉडी कितीही बंद असो, लेन्स आणि बॉडीच्या मधल्या फटीतून पाणी गेलं तर ते थेट सेन्सरपाशी, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो त्या भागापाशी जातं. शिवाय ते रबर म्हणजे फक्त शेवटचं टोक. चांगल्या सील्ड लेन्समध्ये झूमच्या रिंगखाली, फोकसच्या रिंगखाली आणि पुढच्या काचेभोवतीही बंदोबस्त असतो. काही लेन्सना फक्त कडीशी रबर असतं, आत काही नसतं. म्हणून रबर दिसलं की काम झालं असं समजू नका, कंपनीच्या माहितीत लेन्स सील्ड असल्याचं स्पष्ट लिहिलेलं वाचा.

फुजीफिल्मचं एक बरं आहे, सील्ड लेन्सच्या नावातच ‘डब्ल्यूआर’ असतं. त्यांची जुनी लोकप्रिय १८-५५ मिमी झूम डब्ल्यूआर नाही. १६-८० मिमी एफ ४ (मिमीचा आकडा लहान तितकं रुंद दिसतं, मोठा तितकं लांबचं जवळ येतं; एफचा आकडा लहान तितका जास्त उजेड आत येतो) आहे आणि २०२४ ची १६-५० मिमीही आहे, तीही फक्त २४० ग्रॅमची. सोनीच्या ए६७०० सोबत किटमध्ये येणारी १६-५० मिमी एफ ३.५-५.६ सील्ड नाही. १६-५५ मिमी एफ २.८ जी आणि ७०-३५० मिमी जी या आहेत, टॅमरॉनची १७-७० मिमी एफ २.८ सुद्धा ओलाव्यापासून बचाव करते. कॅननच्या आर७ ची बॉडी चांगली सील्ड आहे, पण त्या मालिकेच्या हलक्या आरएफ-एस झूम, अगदी १८-१५० मिमीसुद्धा, सील्ड नाहीत. सीलसाठी तिथे बहुतेक वेळा एल मालिकेच्या मोठ्या आणि महाग लेन्सकडे जावं लागतं. ओएममध्ये १२-४० मिमी एफ २.८ प्रो २ आणि ४०-१५० मिमी एफ ४ प्रो या दोन्हींना आयपी५३ आहे.

तेव्हा बजेट ठरवताना लेन्ससाठी निम्मे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत जी बॉडी येईल ती घ्या. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, भाच्यालाही वाटलं. पण बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही लागते.

वजन जोडीचं मोजा

जाहिरातीत बॉडीचं वजन मोठ्या अक्षरांत असतं. गळ्यात मात्र बॉडी आणि लेन्स दोन्ही असतात, म्हणून बेरीज करा. बॅटरी-कार्डासह ओएम-५ चं वजन ४१४ ग्रॅम, १२-४० प्रो २ चं ३८२, एकूण ७९६. फुजीची एक्स-टी५ ५५७ ग्रॅम आणि १६-८० मिमी ४४० ग्रॅम, एकूण ९९७. ए६७०० ४९३ आणि टॅमरॉन १७-७० मिमी ५२५, मिळून १०१८. कॅनन आर७ ६१२ आणि आरएफ २४-१०५ मिमी एफ ४ एल ७००, मिळून १३१२. शिवाय आर७ वर ती २४ मिमी प्रत्यक्षात मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरवरच्या ३८ मिमीसारखी दिसते. म्हणजे देवळाच्या सभामंडपात भिंतीला पाठ टेकली तरी अख्खा मंडप फ्रेममध्ये येणार नाही. प्रवासासाठी ती जोडी मला पटत नाही. फक्त मैदानी खेळांसाठी आर७ घेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

लांबची लेन्स धरली की फरक आणखी वाढतो. ओएमची ४०-१५० एफ ४ फक्त ३८२ ग्रॅमची आणि ८०-३०० मिमीसारखी दिसणारी. फुजीची ७०-३०० डब्ल्यूआर ५८० ग्रॅम, सोनीची ७०-३५० जी ६२५.

हे सगळं वजन छोट्या सेन्सरमुळे कमी होतं आणि त्याची किंमतही सेन्सरच मोजतो. ओएमचा मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ बाय १३ मिमी, सोनी-फुजीचा एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ मिमी. रात्रीच्या मैदानात, सारख्याच एफ क्रमांकाला, छोट्या सेन्सरवर पाऊण स्टॉपभर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त दाणे दिसतात. दिवसाउजेडी, पावसाळी ढगांखालीसुद्धा हा फरक छापील फोटोत मला जाणवत नाही. रात्रीच्या आखाड्यात जाणवतो.

मग काय घ्यावं? घाट, पाऊस, चालणं, बसचा प्रवास जास्त असेल तर मी ओएम-५ कडे झुकेन. कुस्ती, कबड्डी, रात्रीच्या मिरवणुका जास्त असतील तर ए६७००. फोटोंचे रंग थेट कॅमेऱ्यातून हवे असतील आणि हाताखाली प्रत्येक गोष्टीची स्वतंत्र डायल आवडत असेल तर एक्स-टी५. मात्र फुजीचीच एक्स-टी५० आणि एक्स-एस२० या दिसायला आकर्षक बॉडी सील्ड नाहीत, नावाच्या सारखेपणाने फसू नका.

बॅटरीही बघा. ओएम-५ ची एका चार्जला साधारण ३१० फोटोंची गणती देते, ए६७०० ची साडेपाचशेच्या आसपास. ओएम घेणाऱ्याने दुसरी बॅटरी बिलातच धरावी. त्याच मॉडेलच्या २०२५ च्या मार्क २ आवृत्तीत चार्जिंगला यूएसबी-सी आलं, पहिलीला जुनी मायक्रो यूएसबी आहे.

पट काढण्याइतका वेग

कुस्तीत वीस मिनिटं पकडापकडी चालते आणि ज्या क्षणी पट निघतो तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. हलगीचा ठेका वाढला की काहीतरी होणार हे कळतं, पण कधी ते कळत नाही. इथे सेकंदाला किती फोटो यापेक्षा ‘प्री-कॅप्चर’ ही सोय जास्त उपयोगी पडते. बटण अर्धं दाबून ठेवलं की कॅमेरा फोटो तात्पुरते साठवत राहतो आणि पूर्ण दाबल्यावर त्याच्या आधीचे काही फोटोही कार्डावर उतरवतो. म्हणजे तुमचं बोट उशिरा दबलं तरी डाव हातातून जात नाही. ओएम-५ मध्ये ती ‘प्रो कॅप्चर’ म्हणून आहे, एक्स-टी५ आणि आर७ मध्येही आहे. ए६७०० मध्ये नाही, पण तिचा फोकस माणसाला धरून ठेवण्यात या सगळ्यांत उजवा आहे. दोन मल्ल एकमेकांत गुंतलेले, तोंडावर माती, तरी ती एकाचा डोळा सोडत नाही.

प्री-कॅप्चर इलेक्ट्रॉनिक, म्हणजे पडदा न हलणाऱ्या शटरवर चालतं आणि तिथे एक खोट आहे. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. तेवढ्यात बैलगाडीचं चाक पुढे गेलेलं असतं, म्हणून फोटोत चाक लंबगोल येतं. शर्यतीला मेकॅनिकल, म्हणजे पडद्याचं शटर वापरा. ज्यांचा सेन्सर झपाट्याने वाचला जातो अशा ‘स्टॅक्ड’ सेन्सरच्या बॉडी, ओएम-१ किंवा फुजी एक्स-एच२एस, यांना हा त्रास फार कमी होतो, पण त्या ५९९ आणि ६६० ग्रॅमच्या, आणि पैशांनीही वरच्या. पहिल्या कॅमेऱ्याला त्यांची गरज नाही.

शर्यतीची एक युक्ती सांगतो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ‘विषय ओळखा’ यादीत माणूस, कुत्रं, मांजर, पक्षी, गाडी, रेल्वे, विमान असं असतं. बैलजोडीसाठी म्हणून वेगळी नोंद नसते. ‘प्राणी’ लावला तर फोकस कधी शिंगांवर, कधी मागच्या गर्दीवर भरकटतो. ‘माणूस’ लावा आणि गाडीवानाच्या चेहऱ्यावर धरा. बैल त्याच्या थोडे पुढे असतात, म्हणून एफ ५.६ किंवा ८ ठेवा म्हणजे दोघेही स्पष्ट येतात. पळ थांबवायची असेल तर शटर १/१६०० सेकंद. धुरळ्यातून गाडी सरकतेय असा वेग दाखवायचा असेल तर १/६० ला आणून गाडीबरोबर कॅमेरा फिरवा. पहिल्या पन्नासातले दोन जमतील, ते दोन भिंतीवर लावण्यासारखे असतील. उभं राहायचं ते दोरीच्या आत नाही, शेवटच्या रेषेपुढे तर मुळीच नाही.

रात्रीचा प्रश्न वेगळा. आखाड्यातले फ्लडलाइट आणि मिरवणुकीतले एलईडी आपल्याला सतत पेटलेले दिसतात, पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/८०० ला काढलेल्या सलग फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळा असं होतं. इलेक्ट्रॉनिक शटरवर तर आडवे पट्टे पडतात. मेन्यूत ‘अँटी-फ्लिकर’ शोधा आणि चालू करा, शटर मेकॅनिकल ठेवा. चित्ररथावरचा जिवंत देखावा स्तब्ध उभा असतो, तिथे १/१०० पुरतं आणि पट्टेही येत नाहीत. कुस्तीला १/८०० खाली जाऊ नका. तेवढ्या शटरला एफ २.८ लेन्सने आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो त्याचा आकडा) ३२०० ते ६४०० मध्ये निभावतं. एफ ६.३ ची किट झूम असेल तर त्याच उजेडात पाचपट आयएसओ लागतो. रात्रीच्या कामाला एफ २.८ का, याचं उत्तर एवढंच.

दुकानात काय करायचं

पुष्कळ जण कॅमेरा हातात घेतात, एक फोटो काढतात, परत ठेवतात. तुम्ही अर्धा तास मागून घ्या. दुकानातल्या माणसाला आधी सांगा, “दादा, मला पावसात वापरायचाय, जरा सगळं उघडून बघतो.” बॅटरीचं दार उघडा, कडेला राखाडी किंवा काळी गादी दिसते का बघा. चार्जिंगची झाकणं घट्ट बसतात की लोंबतात ते बघा, बहुतेक वेळा पाणी तिथूनच जातं. ओल्या बोटांनी वापरल्यासारखं करून बघा: टचस्क्रीन बंद करून फक्त डायलनी शटर, एफ आणि आयएसओ बदलता येतात का? पावसाचे थेंब टचस्क्रीनला बोटांसारखे वाटतात आणि फोकस भलतीकडे उडी मारतो, म्हणून ही परीक्षा महत्त्वाची. मग दारात उभे राहा, फोकस ट्रॅकिंगवर ठेवा आणि रस्त्यावरून येणारी एक स्कूटर समोर येईपर्यंत सलग फोटो काढा. खडेबाजारात उभे असाल तर स्कूटरची वानवा नाही. घरी जाऊन मोठे करून बघा, दहातले सात-आठ स्पष्ट असतील तर फोकस चांगला.

बिल जीएसटीचं मागा. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ‘बिनबिलाचा देतो, स्वस्तात पडेल’ असं कोणीतरी म्हणणारच. तो बहुधा बाहेरून आलेला माल असतो, त्याला भारतातली वॉरंटी मिळत नाही. घाटात भिजवायच्या वस्तूवर असे पैसे वाचवू नका. आणि कुठल्याही कंपनीचा कॅमेरा असो, अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात आहे आणि कॅमेरा तिथे कोण पाठवणार, हे पैसे देण्याआधी विचारून लिहून घ्या. आपल्या भागातून तो पुण्याला, बेंगळुरूला किंवा त्याहून लांब जाईल. ऑलिंपसची ओएम सिस्टीम झाल्यापासून हा प्रश्न त्यांच्याबाबतीत जास्त नेटाने विचारावा लागतो.

जुना घ्यायला हरकत नाही. ऑलिंपसची २०१६ ची ई-एम१ मार्क २, ५७४ ग्रॅमची, इलेक्ट्रॉनिक शटरवर फोकस धरून सेकंदाला १८ फोटो काढते. फुजीची २०१८ ची एक्स-टी३ सुद्धा सील्ड आहे, मात्र तिच्या बॉडीत हाताची थरथर सावरणारी सोय नाही. जुन्या कॅमेऱ्याचं रबर वाळलेलं, चिकट झालेलं किंवा फुगलेलं असेल तर सील गेलं असं धरा आणि पैसे तेवढेच कमी द्या. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असतील तर कोणीतरी आतून उघडलंय. लेन्स अंधारात धरून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स फुकटातही घेऊ नका.

भिजल्यावर आणि नंतर

पहिल्या पावसात नेताना लेन्सला हूड लावा, तोंड खाली करून चाला आणि गळ्यात एक सुती पंचा ठेवा. टॉवेलचे धागे काचेला चिकटतात, पंच्याचे नाही. थेंब घासू नका, टिपा. झूम करून नळी बाहेर आली असेल तर आधी ती पुसा, मगच आत घ्या. नाहीतर तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी आत ढकलता. चिंचलीला माझं चुकलं ते हेच, फक्त पाण्याऐवजी भंडारा होता. आता तिथे जाताना झूम एका जागी धरतो आणि पायांनी पुढे-मागे होतो. कोरडा ब्रश आणि हवेचा फुगा खिशात, आणि ब्रश फिरल्याशिवाय फडकं लावत नाही, कारण धुळीवर फडकं घासलं की काचेवर चरे पडतात.

पावसात किंवा धुळीत लेन्स बदलायची नाही, बॅटरीचं दार उघडायचं नाही. गाडीच्या एसीतून एकदम चोर्ल्याच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर धुकं धरतं, ते आतही धरू शकतं. पोहोचायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करा, बॅग बंदच ठेवा. गोकाकला घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते तेव्हा वाऱ्याची दिशा बदलली की तुषार बरेच लांब येतात, तिथे वारा पाठीवर घेऊन उभे राहा. खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर जाण्याआधी वनखात्याची परवानगी विचारा, पावसाळ्यात बऱ्याच वाटा बंद असतात आणि त्या बंद असण्याला कारण असतं.

घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत ठेवून झोपू नका. पुसून, पंख्याखाली तासभर उघडा ठेवा. उन्हात नको, चुलीजवळ नको, तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, तांदळाची पूड आत जाते. मग हवाबंद डब्यात. मी रबरी कडेचं झाकण असलेला स्वयंपाकघरातला मोठा डबा वापरतो, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवायचा. साठच्या वर गेला की बुरशीला वाव, आणि आपल्याकडे जुलैत उघड्या कपाटात तो सहज ऐंशीच्या वर असतो. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते ओलं झालंय; ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवलं की परत निळं होतं. तो ओव्हन खाण्याचा नसावा, निळ्या जेलातला कोबाल्ट विषारी आहे. नारिंगी, कोबाल्ट नसलेलं जेल मिळालं तर तेच घ्या. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

नवा कॅमेरा आणल्यावर पहिला आठवडा दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत वापरून काढा. एका संध्याकाळी तालमीत जाऊन वस्तादांची परवानगी घ्या, मुलांच्या सरावाचे दोनशे फोटो काढा. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ ला काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, हवेचा फुगा मारा. तरी राहिले तर बिल घेऊन दुकानात जा. लेन्स लावताना रबराच्या किनारीवर माती नाही ना, एवढं दर वेळी बोटाने बघा. एक कण जरी तिथे अडकला तरी ती कडा नीट बसत नाही.